हापूसवरील करपा : रोगाचे मूळ पानात



हातखंब्याच्या तिठ्यावर रत्नागिरीचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. हंगामात आंब्याच्या पेट्या याच वाटेने मुंबईकडे रवाना होतात. पेटी भरताना निष्कलंक दिसलेले फळ पिकता पिकता काळवंडले, की बागायतदार वाहतुकीला वा अढीला दोष देतो. वस्तुतः पुष्कळदा तो करपा असतो. ही बुरशी कोवळ्या फळातच शिरून सालीत सुप्त राहते.

तिचे बिऱ्हाड मात्र पानांवर आणि वाळक्या काड्यांत. पालवीवर तपकिरी-काळे, वेडेवाकडे ठिपके पडतात. ते गळाले की पानाला भोके दिसतात. मळभ आणि अवेळी पाऊस आला, की तेथूनच मोहोर करपतो. म्हणून पावसाळा सरताच वाळक्या, रोगट फांद्या छाटून बागेबाहेर नष्ट कराव्यात. ही छाटणी जिवावर येते. पण कलमाच्या पोटात ऊन शिरलेच पाहिजे.

नंतर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. द्रावणे प्लॅस्टिकच्या भांड्यांत वेगवेगळी करून एकत्र ओतावीत. लोखंडी सळई बुडवून तांबूस थर चढला, तर चुना वाढवावा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. फ्रान्समध्ये मोरचूद-चुना द्राक्षचोरांना दूर ठेवण्यासाठी वेलींवर शिंपडत. १८८५ मध्ये मिलार्दे यांनी त्याचा रोगनाशक गुण प्रसिद्ध केला.

मोहोरावरील फवारण्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या चालू वेळापत्रकानुसारच घ्याव्यात. काढलेली फळे ५२ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात १० मिनिटे बुडवावीत. पाणी उष्णतामापकानेच मोजावे, हाताच्या अंदाजाने नव्हे.