दंगल नसतानाची बैठक



गणपती जवळ आले की गावोगावच्या पोलीस ठाण्यांतून फोन जायला लागतात. ‘उद्या शांतता समितीची मीटिंग आहे, साहेबांनी बोलावलंय.’ एखाद्या मंगल कार्यालयात खुर्च्या मांडल्या जातात. पहिल्या रांगेत आजी-माजी नगरसेवक, मंडळांचे अध्यक्ष, एक मौलाना, एक महाराज आणि व्यापारी संघाचे पदाधिकारी. साहेब सूचना वाचून दाखवतात. आवाजाची मर्यादा पाळा, मिरवणुकीचा मार्ग बदलू नका, देखाव्यात आक्षेपार्ह काही नको. मग एकेक वक्ता उठून ‘आपल्या शहराला सलोख्याची परंपरा आहे’ हे वाक्य म्हणतो. मागच्याच वर्षी दगडफेक झालेली असली तरी म्हणतो. सत्कार होतात, चहा-बिस्किटं होतात, फोटो निघतो आणि पुढच्या सणापर्यंत समिती फायलीत जाऊन बसते.

या बैठका बंद करा, असं मी म्हणत नाही. मार्ग आणि वेळा ठरवायला त्या लागतातच. पण रात्री साडेअकराला एखाद्या गल्लीच्या तोंडाशी पन्नास पोरं जमली आणि कोणाच्या तरी हातात पहिला दगड आला, तर त्या क्षणी पहिल्या रांगेतलं कोणीही तिथं नसतं. तिथं असतो कोपऱ्यावरचा पानवाला, दुसरी पाळी संपवून घरी निघालेला कामगार, खिडकीतून बघणारी एखादी आजी. मग समितीत बोलवायचं कोणाला? हा प्रश्न आपल्याकडे नीट विचारला गेला तो भिवंडीत.

भिवंडी हे ठाणे जिल्ह्यातलं यंत्रमागाचं शहर. गल्लीत शिरलं की माग दिसायच्या आधी त्यांची खडखड ऐकू येते. उत्तरेतून आलेले अन्सारी विणकर, तेलंगणातून आलेले पद्मशाली, इथलेच कोकणी मुसलमान आणि आगरी अशी सगळी वस्ती. धंद्यात यांचं एकमेकांवाचून पानही हलत नाही. तरी ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत हिंदू-मुसलमान दंगल पेटली आणि तिची झळ जळगाव आणि महाडपर्यंत गेली. तिची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. चौदा वर्षांनी, मे १९८४ मध्ये, पुन्हा तेच झालं. या वेळी भिवंडी, ठाणे आणि मुंबई मिळून अडीचशेहून अधिक माणसं गेली. धंद्यापायी माणसं एकत्र येतात आणि त्यातून शांतता आपोआप राहते, हा समज भिवंडीने दोनदा खोटा ठरवला.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. पुढाऱ्यांची शांतता समिती त्यांनी बाजूला ठेवली आणि शहराचे मोहल्ल्या-मोहल्ल्यांत भाग पाडले. प्रत्येक मोहल्ल्याची वेगळी समिती, अशा सत्तरच्या आसपास समित्या झाल्या. प्रत्येकीत दोन्ही समाजांची माणसं बरोबरीने. गुन्ह्याची नोंद असलेल्याला प्रवेश नाही. मागावर काम करणारे, मागांचे मालक, दुकानदार, शिक्षक, डॉक्टर अशी त्या भागात रोज वावरणारी माणसं घेतली. समितीला जोडून त्याच भागाचा पोलीस. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे बैठक ठरलेल्या दिवशी व्हायचीच, गावात ताण असो वा नसो.

ताण नसताना बोलायचं काय, असं तुम्ही म्हणाल. अशा एका बैठकीला मी बसलो आहे. भिवंडीत नव्हे, एका उपनगरात. महापालिकेच्या शाळेतला वर्ग, लहान मुलांचे बाक, त्यांत गुडघे दुमडून बसलेली मोठी माणसं. फळ्यावर सकाळचा सुविचार तसाच. फौजदारसाहेबांपुढे एक रजिस्टर. तासभर नळावरच चर्चा चालली होती. पाणी सकाळी चाळीस मिनिटं येतं आणि वरच्या अंगाच्या चाळीत कोणीतरी मोटर लावतं, त्यामुळे खालच्या रांगेत हंडा भरत नाही. खालची रांग एका समाजाची, वरची चाळ दुसऱ्याची. एक बुरख्यातल्या बाई तावातावाने बोलत होत्या, समोरून एक भाजीवाल्या मावशी तितक्याच तावात उत्तर देत होत्या. ‘मोटर आमची नाय, तिसऱ्या खोलीवाल्याची हाय, त्याला आम्ही पन वैतागलोय!’ झालं. दोघी एका बाजूला आणि तिसऱ्या खोलीवाला दुसऱ्या बाजूला, अशी नवी मांडणी झाली आणि भांडणातला धर्म निघून गेला. पुढच्या बैठकीला मोटरवाल्यालाच बोलवायचं ठरलं. त्यानंतर दिव्याच्या खांबाचा विषय निघाला, तेव्हा निम्मी माणसं जांभया देत होती.

श्रोतेहो, या जांभयांना मी फार मोल देतो. कंटाळवाणी बैठक टिकते. भाषणं असली की पुढारी येतात, आणि गटाराचा विषय असला की ज्याच्या दारातून गटार वाहतं तो येतो. आपल्याला तोच हवा असतो. मोटरच्या निमित्ताने त्या दोघींनी एकमेकींचे फोन नंबर घेतले. बैठकीची कमाई काय विचाराल, तर एवढीच.

तिचा उपयोग कधी होतो, ते ६ डिसेंबर १९९२ नंतर दिसलं. बाबरी मशीद पाडली गेली आणि डिसेंबरात, मग पुन्हा जानेवारीत मुंबई जळली. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मृतांचा आकडा ९०० आहे. त्या दिवसांत मुंबईत काय काय पसरत होतं! दुधात विष घातलंय, समुद्रातून शस्त्रांच्या बोटी येताहेत. दादरसारख्या भागात शिकलेली, नोकरदार माणसं रात्री किनाऱ्यावर पहारे देत होती. बोट आली नाही, पण अफवेवर विश्वास ठेवणारे हजारो निघाले, कारण ‘पलीकडे’ फोन करून विचारावं असा एकही माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. भिवंडी, जिची सगळ्यांनाच धास्ती होती, ती शांत राहिली. खोपडे यांची तोवर बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेले गुलाबराव पोळ यांनी समित्या मोडू दिल्या नव्हत्या. एका अधिकाऱ्याचं काम दुसऱ्याने पुढे चालवणं आपल्या सरकारी खात्यांत किती दुर्मीळ आहे, ते मी वेगळं सांगायला नको.

मुंबई शिकली, पण जळाल्यावर शिकली. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्यासारखे कार्यकर्ते पुढे आले आणि मुंबईत मोहल्ला कमिट्यांची चळवळ उभी राहिली. ज्या वस्त्यांत पोलिसांची गाडी दिसली की दारं लागत होती, तिथे पोलिसांना घेऊन बैठका घेणं हे सोपं काम नव्हतं. पुढे पोलीस आणि वस्तीतली पोरं यांच्या क्रिकेटच्या स्पर्धाही झाल्या. मॅचमध्ये हवालदाराची विकेट काढलेल्या पोराशी तोच हवालदार दुसऱ्या दिवशी नाक्यावर जरा वेगळं बोलतो, एवढा माणसाच्या स्वभावावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान ही जोडी या कामात वर्षानुवर्षं होती. चार लहान मुलांना चार धर्मांच्या वेशात उभं करून काढलेलं वकारभाईंचं पोस्टर मुंबईत बऱ्याच ठिकाणी लागलं. या दोघांच्या मैत्रीवर ‘नाता’ नावाचा माहितीपटही निघाला. पोस्टर सगळ्यांना आठवतं. त्यामागे रात्री-बेरात्री गल्ल्यांतून केलेल्या फेऱ्या मात्र कुठल्या फोटोत येत नाहीत.

आता या समित्यांची दुसरी बाजू. तीही सांगितलीच पाहिजे. पोलीस ठाण्यात ऊठबस वाढली की काही सदस्य पोलिसांचे खबरे होतात, निदान वस्ती त्यांना तसं समजायला लागते. काहींना ओळखपत्राचा मोह सुटत नाही. ट्रॅफिक हवालदाराने गाडी अडवली की पाकिटातून समितीचं कार्ड निघतं! याहून गंभीर आक्षेप असा की, ज्याचं घर जाळलं त्याला न्याय मिळत नाही आणि त्यालाच सलोख्याच्या बैठकीला बोलावलं जातं. श्रीकृष्ण आयोगाने नावं घेऊन ठपका ठेवला, पण शिक्षा फार थोड्यांना झाली. समितीने कोर्टाचं काम करावं अशी अपेक्षा नाही. पण कोर्टाने आणि सरकारने आपलं काम केलं नाही, तर समितीतल्या भल्या माणसाच्या शब्दाला वजन उरत नाही, हे मान्य करायला हवं.

शिवाय समिती एकदा केली की कायमची झाली, असंही होत नाही. जुलै २००६ मध्ये भिवंडीतच कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस यांच्यात भडका उडाला. गोळीबारात दोन माणसं मेली आणि जमावाने दोन पोलिसांचा जीव घेतला. समित्या कागदावर उरल्या होत्या, अशी टीका तेव्हा झाली. मला त्यात एक बारीक नोंद करावीशी वाटते. एवढं होऊनही शहरात हिंदू-मुसलमान दंगल झाली नाही. आधीच्या वर्षांची पुण्याई शिल्लक असावी, असा माझा अंदाज. पण पुण्याई खर्चून संपते.

खेड्यांसाठी आपल्या सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने निघालेल्या या मोहिमेत बऱ्याच गावांत बांधावरची जुनी भांडणं खरोखर मिटली. मात्र पुरस्काराची रक्कम आली आणि काही ठिकाणी तंटे मिटवण्यापेक्षा मिटलेले तंटे रजिस्टरात चढवण्याकडे लक्ष गेलं. अध्यक्षपदावरून नवा तंटा, हा विनोद तर तेव्हा गावोगाव ऐकू यायचा. बक्षिसाने समिती सुरू होते, पण माझ्या मते बक्षिसाने ती टिकत नाही.

आणि आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. आठवडी बाजाराचा दिवस होता. मोबाईलवर फिरणारे निरोप लोकांनी खरे मानले. तिथे हिंदू-मुसलमान असा काही विषयच नव्हता. समोरच्याला कोणी ओळखत नव्हतं आणि ओळख काढून देणारा कोणी पुढे झाला नाही. ‘थांबा, आधी विचारू’ एवढं म्हणणारी चार माणसं एकत्र उभी राहायला लागतात. एकटा म्हणणारा तुडवला जातो. ती चार माणसं ऐन वेळी गोळा करता येत नाहीत. ती आधीपासून एकमेकांना ओळखत असावी लागतात, मग ओळख नळामुळे झालेली असो, कचऱ्याच्या गाडीमुळे असो की शाळेच्या भिंतीमुळे.

म्हणून एक विनंती आहे. तुमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत शांतता समिती किंवा मोहल्ला समिती बहुधा असेलच. या आठवड्यात जाऊन तिची यादी बघायला मागा. त्यात तुमच्या गल्लीतलं कोण आहे, बायका किती आहेत, गेल्या वर्षभरात सण सोडून बैठक कधी झाली, एवढंच विचारा. यादीत फक्त पहिल्या रांगेतलीच नावं दिसली, तर आपलं नाव द्या आणि शेजारच्या गल्लीतल्या, दुसऱ्या समाजातल्या एकाचं त्याला विचारून द्या. महिन्याला दीड तास जाईल, बाकांवर गुडघे दुखतील आणि विषय बहुतेक गटाराचाच असेल. तरी जा.