आपल्या मुलाच्या नावाचा पैसा

(डिंभे येथे उपासक-उपासिकांच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी धम्मावर बोलेन अशी आपली अपेक्षा असेल. मी पैशावर बोलणार आहे. भिक्षूने सोन्यारुप्याला स्पर्श करू नये, असा विनयाचा नियम आहे. पण आपण गृहस्थ आहोत. गृहस्थाने आपल्या मिळकतीचे चार भाग करावेत, एकाचा उपभोग घ्यावा, दोन उद्योगात घालावेत आणि चौथा अडीअडचणीसाठी राखावा, असे भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या तरुणाला सांगितले. हिशेब ठेवणे हा गृहस्थधर्मच आहे. आणि जो हिशेब आपल्यापैकी फारच थोड्यांनी आजवर मागितला, तो आपल्या गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा.

ज्या भूमीवर आपण बसलो आहोत, तिथे हिशेब उघड्यावर मांडण्याची चाल फार जुनी आहे. जुन्नरच्या लेण्यांत धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. दुसऱ्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या व काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून सोपविलेल्या दानाचा उल्लेख आहे. दान कोणी दिले, कशासाठी दिले, कोणाकडे ठेवले, हे सातवाहन काळी दगडावर कोरले गेले आणि आजही वाचता येते. आपल्या शाळेला गेल्या वर्षी किती रक्कम मिळाली व ती कशावर खर्च झाली, हे मात्र शाळेच्या भिंतीवर कोळशानेसुद्धा लिहिलेले मला दिसले नाही.

शाळेचा पैसा येतो कोठून? पुष्कळ लोक म्हणतात, सरकार देते. सरकारजवळ स्वतःचे असे काय आहे? आपण साबणाची वडी घेतो, चपलांचा जोड घेतो, त्यावर कर भरतो; प्राप्तिकरावर शिक्षण व आरोग्याचा चार टक्के उपकर बसतो; शहरातला मनुष्य घरपट्टीबरोबर शिक्षण कर भरतो, आणि त्याचा कायदा १९६२ सालचा आहे. जमीन महसुलावरचा स्थानिक उपकर तर इंग्रजी अमदानीपासूनचा. म्हणजे जो मजूर मुलाला शाळेत ‘फुकट’ शिकवतो, तो ते शिक्षण आगाऊ विकत घेऊन बसलेला असतो.

हे प्रथम ओळखले महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले की सरकारचा महसूल मुख्यतः कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. स्थानिक उपकराच्या निधीपैकी निदान निम्मी रक्कम केवळ प्राथमिक शिक्षणाला द्यावी, अशी त्यांची मागणी होती. पंचेचाळीस वर्षांनी, १२ मार्च १९२७ रोजी, मुंबई कायदे कौन्सिलात परमपूज्य बाबासाहेबांनी तोच धागा उचलला. महाडचा सत्याग्रह त्यानंतर आठच दिवसांनी झाला, म्हणून या भाषणाकडे आपले दुर्लक्ष होते. या इलाख्यात सरकार शिक्षणावर माणशी अवघे चौदा आणे खर्च करते आणि दारूच्या उत्पन्नातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे दारूतून घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, असे त्यांनी बजावले. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथ्या इयत्तेपर्यंत पोचतात, बाकीची पुन्हा निरक्षर होतात, हेही त्यांनी मांडले. माणशी खर्च किती आणि त्यातून मूल कोठवर पोचले, हे दोन्ही प्रश्न एकत्र विचारायचे असतात. नुसता पहिला विचारला तर फसगत होते. ती कशी, ते आता सांगतो.

समजा, एका वाडीवर पंधरा मुलांची शाळा आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावे लागतात. त्या दोघांच्या पगारावर वर्षाला पंधरा लाख रुपये लागले, तर एका मुलामागे एक लाख झाले. कचेरीतला मनुष्य हा आकडा पाहून म्हणतो, “एवढा खर्च! शाळा बंद करा, मुलांना मोठ्या शाळेत न्या.” उद्या त्याच शाळेत तीस मुले आली की खर्च पन्नास हजारांवर येतो. शिक्षक तेच, फळा तोच. पहिल्या मुलाला अगोदर लाखाचे शिक्षण मिळत होते आणि आता पन्नास हजारांचे मिळते, असे कोण म्हणेल? सरासरीचा आकडा मुलाच्या दप्तरात पडत नसतो. तो पगाराचा आकडा असतो, आणि पगार झाला तरी शिक्षक वर्गात उभा राहिला तरच तो खर्च मुलापर्यंत पोचतो. शिक्षक मतदारयाद्या आणि माहितीचे तक्ते भरण्यात गुंतला, तर त्या दिवसाचा खर्च कागदावर मुलाच्या नावे पडतो व प्रत्यक्षात कचेरीच्या कामी येतो. यात शिक्षकाचा दोष नाही, हेही लक्षात ठेवावे.

हा प्रश्न आपल्या खोऱ्यात पुस्तकी नाही. राज्यात वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा चौदा हजारांहून अधिक असल्याचे २०२३ साली सरकारच्याच आकडेवारीतून पुढे आले, आणि समूह शाळांचा विचार मांडला गेला. त्यासाठी दाखला दिला गेला तो आपल्याच जिल्ह्यातील पानशेतचा. मोठी शाळा वाईट असे मी म्हणत नाही. पण धरणाच्या वरच्या अंगाला वाड्या कशा विखुरल्या आहेत, हे आपण जाणता. घोड नदी अडवली तेव्हा ज्या गावावरून या तालुक्याचे नाव पडले ते जुने आंबेगावच पाण्याखाली गेले. हुतात्मा बाबू गेनू सागराचे पाणी कालव्यांनी दूरच्या शेतांना जाते. ज्यांच्या जमिनी बुडाल्या ते महादेव कोळी, ठाकर, कातकरी बांधव डोंगराच्या उतारावर वस्ती करून राहिले. पाचवीपर्यंतची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. पावसाळ्यात ओढे भरले की तो किलोमीटर किती लांब होतो, हे मंत्रालयाला कळत नाही. अशा वाडीवर माणशी खर्च जास्त येणारच; ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या मुलांसाठी तो यावा, यात गैर ते काय?

आता जी रक्कम खरोखर शाळेच्या हाती येते, तिच्याकडे वळू. ‘समग्र शिक्षा’ ही योजना २०१८ पासून चालू आहे. तिच्यात केंद्राचा वाटा साठ टक्के व राज्याचा चाळीस. तिच्यातून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान मिळते: तीस मुलांपर्यंत १०,००० रुपये, एकतीस ते शंभरपर्यंत २५,०००, त्यापुढे अडीचशेपर्यंत ५०,०००. याच रकमेतून खडू, वीज, पाणी, डागडुजी. निदान दहावा हिस्सा स्वच्छतेला. आता गणित करा. अठ्ठावीस मुलांच्या शाळेला १०,००० म्हणजे मुलामागे वर्षाला सुमारे ३५७ रुपये, दिवसाला रुपयाच्या आतच. आणखी तीन मुले आली की रक्कम २५,००० होते. उलट, एकतीसच्या पटातून एकाच घराने आपले मूल उचलून फी भरणाऱ्या शाळेत घातले की शाळेचे १५,००० गेले. आपण मूल काढतो तेव्हा आपलेच मूल काढतो असे आपल्याला वाटते. मागे राहिलेल्या तीस मुलांच्या खडूचा पैसाही आपण बरोबर नेतो. ती मागे राहिलेली मुले बहुधा कातकऱ्यांची आणि आपल्यातल्या सर्वांत गरीब घरांची असतात.

खाजगी शाळेतल्या पंचवीस टक्के राखीव जागांचे काय, असे कोणी विचारील. तो हक्क आहे आणि तो घ्यावा. तेथे सरकार शाळेला परतावा देते: सरकारी शाळेतला दर मुलामागचा खर्च किंवा त्या शाळेची प्रत्यक्ष फी, यांत जे कमी ते. महाराष्ट्रात हा आकडा १७,६७० रुपये ठरविला गेला होता. २०२०-२१ या वर्षासाठी तो ८,००० वर आणला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलून, जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जबाबदारीतून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षीच्या १९ जुलैला तो बदल रद्द केला. पालक न्यायालयात गेले म्हणून हक्क राहिला.

लहान रकमा सांगायला लाज वाटते, पण सांगितल्या पाहिजेत. १९९२ साली अनुसूचित जाती, जमाती व भटक्या-विमुक्तांच्या दारिद्र्यरेषेखालील, पहिली ते चौथीतील मुलींना हजेरीबद्दल दररोज एक रुपया भत्ता सुरू झाला. रुपयाला तेव्हा काय येत होते आणि आता काय येते? दशके लोटली तरी तो रुपया रुपयाच राहिला. मध्यान्ह भोजनाचे असेच: मे २०२५ पासून पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज ६ रुपये ७८ पैसे, त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला, सरपण सर्व आले, तांदूळ तेवढा वेगळा, शंभर ग्रॅम. आणि जेवण शिजवणारी बाई कोणत्या आळीची, यावर कोणी कुजबूज केली तर त्यास सांगावे की स्वयंपाकी नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००४ सालचा आदेश आहे.

ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली, त्यांना भीती असते की दाखल्यावर बौद्ध लिहिले की सवलत गेली. १९५६ नंतर ही भीती खरी होती. महाराष्ट्राने १९६० साली नवबौद्धांना सवलती दिल्या, केंद्राने मात्र १९९० पर्यंत नाकारल्या. त्या साली अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती झाली आणि हा अन्याय संपला. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना १९४४ साली सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आज बौद्ध मुलांनाही मिळते. धर्म बौद्ध म्हणून ताठ मानेने लिहा. परंतु दीक्षेपूर्वीच्या जातीचा पुरावा फाडून टाकू नका. आजोबांचा १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा शाळेचा दाखला असेल, तर तो पेटीत जपून ठेवा. जातीच्या प्रमाणपत्राला तो लागतो. जात सोडली, हे खरे; जातीने जे हिरावले ते परत मागण्याचा कागद का सोडावा?

उरला प्रश्न, विचारायचे कोणी. कायद्याने त्याचे उत्तर दिले आहे. प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक, निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. अनुदानाच्या विनियोगावर देखरेख करणे व शाळेचा विकास आराखडा तयार करणे, हे तिचे काम. पुष्कळ ठिकाणी मुख्याध्यापक वही घरी पाठवतात आणि आपण अंगठा किंवा सही देतो. सही करण्यापूर्वी वाचा. रक्कम कोणत्या महिन्यात आली ते पाहा. मार्चअखेर आलेल्या रकमेतून गेल्या पावसाळ्यातले गळते छप्पर दुरुस्त होत नाही. शिवाय ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील पंधरा टक्के आणि जिल्हा परिषदेने वीस टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी खर्च करावेत, असा नियम आहे. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट मिळतो, आणि शिक्षण हा त्याचा एक मान्य विषय आहे. तेथे आपण व आदिवासी बांधव ग्रामसभेत वेगवेगळे बसलो, तर तो पैसा गटारावर आणि कमानीवर जाईल.

समितीची वही वाचता येईल अशा किमान दोन बायका प्रत्येक आळीतून मला आज हव्या आहेत. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनी आपल्या सातवीतल्या मुलीला बरोबर आणावे. तिच्याच शाळेचा हिशेब आहे, ती वाचून दाखवील. नावे येथे समोर मांडलेल्या वहीत लिहावीत, आणि काही विचारायचे असल्यास आता विचारावे.

जयभीम.