टाकी उडवली, पुढे काय?

सावर्ड्यातल्या आमच्या बचत गटांतर्फे आज थोडं मुलांच्या मोबाईलवरच्या खेळांविषयी बोलायचं आहे.

गेल्या महिन्यात बैठकीत हप्ते गोळा करत होतो. आमच्यातल्या एकीचा नववीतला मुलगा कोपऱ्यात खेळत बसला होता. मोठा धमाका ऐकू आला म्हणून वाकून पाहिलं, तर त्यानं तेलाची टाकी उडवली होती. आम्ही रागावलो. तो म्हणाला, "काकी, ही कंपनी नदी घाण करते. टाकी उडवली की गाव वाचतं. बारसूला पण मशिनं जाळायला हवी होती."

आम्ही गप्पच झालो. नदी घाण करू नये, हे तर त्याला आम्हीच शिकवलं होतं.

खेळात टाकी फुटली की गुण मिळतात आणि खेळ पुढे जातो. सांडलेलं तेल कुठं गेलं, ते दिसत नाही. १९९१ साली कुवेतमधून माघार घेताना इराकी सैन्यानं ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची आग विझायला नोव्हेंबर उजाडला. तोवर तिथल्या लोकांनी काळा धूर श्वासात घेतला. आखाताच्या पाण्यात तेल पसरून पाखरं मेली.

आपल्याकडचंच बघा. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया ही दोन जहाजं एकमेकांवर आदळली. सुमारे ८०० टन तेल समुद्रात गेलं. कांदळवनाला तेल चिकटलं, लोक मासळी घ्यायला घाबरू लागले. तो अपघात होता. पण मुद्दाम सांडलं काय नि चुकून सांडलं काय, तेल तेच करतं. पाटी घेऊन बसलेल्या कोळणीचा धंदा दोन्हीत बुडतो.

आता बारसूचं. रिफायनरी हवी की नको, यावर आमच्या गटातही दोन मतं आहेत. कुणाला मुलाची नोकरी दिसते, कुणाला आंबा आणि मासळी. पण एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणाच्या वेळी तिथल्या बाया भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं. त्याआधी नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, तीही लोकांनी सभा, मोर्चे, ठराव करून सरकारला ऐकायला लावलं म्हणून. मुलांना हेही सांगायला हवं. राग असावा, पण ज्या पाण्यासाठी भांडायचं तेच नासवून कसं चालेल?

म्हणून मोबाईल हिसकावू नका. दहा मिनिटं शेजारी बसा आणि विचारा, "बाळा, आता हे तेल कुठं जाईल?" आम्ही त्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "पऱ्याला." मग? "नदीला." मग? "खाडीत." त्याचा मामा खाडीवर मासे धरतो. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "खेळात हे दाखवत नाहीत."

खेळात दाखवत नाहीत, ते आपण दाखवू या.