दर्यावरच्या हवेची वर्दी
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



कोळी समाजापुढे दर्याच्या हवेविषयी बोलणे म्हणजे सुताराच्या घरी जाऊन रंधा कसा धरावा हे सांगण्यासारखे आहे. उधाण आणि भांग, वाऱ्याची दिशा, पाण्याचा रंग यांचे ज्ञान आपल्या तांडेलांनी पोथीतून घेतलेले नाही. तरीही आम्ही हा विषय निवडला, कारण नौका आता किनाऱ्याच्या दृष्टीत राहत नाहीत. त्या आठ-आठ, दहा-दहा दिवस बाहेर असतात, आणि जे आभाळ पाहून तांडेलाने नांगर उचलला ते आभाळ तिसऱ्या दिवशी उरलेले नसते.

उष्ण कटिबंधातील समुद्राचा स्वभाव थोडक्यात असा. वरचे पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसहून अधिक तापलेले असले, म्हणजे त्याची वाफ वादळाला इंधन पुरविते. मात्र विषुववृत्ताच्या अगदी जवळ वाऱ्याला वळण मिळत नाही, म्हणून तेथे चक्रीवादळ सहसा जन्मत नाही. खालचा वारा एका दिशेला आणि उंचावरचा जोराने दुसऱ्या दिशेला वाहत असेल, तर जमू पाहणारे वादळ विस्कटते. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रावर नेमके हेच घडते. त्यामुळे आपल्याकडील वादळांचे हंगाम दोन, मे-जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर. २००९ सालचे फयान नोव्हेंबरात आले, २०२० सालचे निसर्ग ३ जून रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. जुलै-ऑगस्टात वादळ क्वचितच असते, पण मोसमी वाऱ्याने दर्या खवळलेलाच असतो. पश्चिम किनाऱ्यावरील १ जून ते ३१ जुलैची मासेमारीबंदी मुख्यतः माशांच्या पैदाशीसाठी आहे. ती उठली म्हणजे दर्या निवळला असे नव्हे. नारळी पौर्णिमेची वाट पाहणारे आपले पूर्वज भोळे होते, असे आम्हांस वाटत नाही.

आता बावट्याविषयी. १८६४ साली कलकत्त्यास मोठे वादळ झाले, आणि १८७५ साली हिंदुस्थानचे हवामान खाते स्थापन झाले. बंदरावर इशारा लावण्याची पद्धत जुनीच आहे. दिवसा शंकू व नळकांडी, रात्री लाल-पांढरे दिवे. आपण त्या सर्वांस 'बावटा'च म्हणतो. आकडा मोठा तेवढे भय मोठे, असा सार्वत्रिक समज आहे, आणि बंदरात बांधून ठेवलेल्या नौकेपुरता तो खराही आहे. बाहेर निघालेल्या नौकेचे तसे नाही. एक व दोन नंबरचा बावटा दूर समुद्रावरील हवेविषयी बोलतो. एक म्हणजे तेथे वादळ बनण्याचा संभव, दोन म्हणजे ते बनले आहे. तीनपासून पुढे खुद्द बंदराची गोष्ट सुरू होते. 'अजून दोनच नंबर आहे' असे म्हणून जो निघतो, तो त्या दोन नंबराच्याच दिशेने निघालेला असतो!

लाटांच्या उंचीविषयीही असाच घोटाळा होतो. पत्रकात 'लाटा तीन मीटर' असे लिहिलेले असते, तेव्हा ती सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्याच पाण्यात एखादी लाट जवळजवळ दुप्पट उंचीची येऊ शकते, आणि नौका उलटावयास एकच लाट पुरते.

शिवाय वारा नसतानाही पाणी चढते. विषुववृत्तापलीकडे, दक्षिणेच्या महासागरात हजारो किलोमीटरांवर उठलेल्या वादळांच्या लांब लाटा काही दिवसांनी आपल्या बाजूस पोहोचतात. केरळातील मच्छीमार ह्या प्रकाराला 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. आभाळ निरभ्र असते आणि किनाऱ्यावरची होडी उचलली जाते. येथे जुन्या तांडेलाचा डोळाही फसतो. हैदराबादेस १९९९ साली स्थापन झालेले महासागर माहिती सेवा केंद्र लाटांची उंची, दिशा आणि दोन लाटांमधील सेकंद कळविते. सेकंदांचा आकडा पंधरा-वीसपर्यंत गेलेला दिसला, तर पाणी दुरून येत आहे असे समजावे.

परंतु वर्दी तयार होणे वेगळे आणि ती नौकेस मिळणे वेगळे. २०१७ सालच्या ओखी वादळाचे उदाहरण घ्या. २९ नोव्हेंबरला ते श्रीलंकेजवळ साधे न्यूनदाबाचे क्षेत्र होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्याकुमारीच्या समुद्रात त्याचे चक्रीवादळ झाले होते. केरळ-तामिळनाडूच्या कित्येक नौका त्याआधीच दूर खोल पाण्यात गेलेल्या होत्या. मोबाईलची हाक किनाऱ्यापासून फार दूर पोहोचत नाही. शेकडो माणसे गेली. त्यांपैकी साठाहून अधिक नौका, नऊशेंहून अधिक माणसांसह, आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यास लागल्या, म्हणून तेवढी वाचली.

याच्या नेमके उलट २०२१ सालच्या तौक्तेचे. त्याची वर्दी काही दिवस आधी होती, सर्वत्र पोहोचलीही होती. तरी १७ मे रोजी मुंबईच्या बाहेर तेलक्षेत्रात कामगारांचा तराफा बुडाला. पहिला रोग यंत्राने बरा होण्यासारखा आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे नौकांवर उपग्रहाद्वारे निरोप देणारी-घेणारी एक लाख यंत्रे बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. आपल्या ज्ञातीतील प्रत्येक यांत्रिक नौकेवर ते असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरा रोग कठीण आहे. 'मागल्या वेळी परत बोलावले आणि काहीच झाले नाही', हे वाक्य आम्ही प्रत्येक कोळीवाड्यात ऐकतो. चोवीस तास आधी वर्तविलेली वादळाची जागा आजही सरासरी ७५-८० किलोमीटरांनी चुकते, तीन दिवस आधीची त्याच्या दुपटीने. म्हणून इशारा मोठ्या पट्ट्यास द्यावा लागतो, आणि त्या पट्ट्यातील पुष्कळांवर वादळ येतच नाही. हा खोटेपणा नव्हे. पण परतलेल्या नौकेचे डिझेल जळालेले असते, बर्फ वितळलेला असतो, खलाशांस हिस्सा मिळत नाही, आणि सावकाराचा हप्ता थांबत नाही. तांडेल अडाणी म्हणून थांबत नाही असे नाही. पुष्कळदा त्याला परतणे परवडत नाही.

म्हणून आमची संस्थेस एक सूचना आहे. इशाऱ्यावरून मध्येच परतलेल्या नौकेच्या डिझेलाचा व बर्फाचा निदान काही भाग भरून देणारा एक निधी आपण उभारावा. नौकेची निघण्याची व परतण्याची तारीख बंदराच्या वहीत असतेच, तेव्हा पडताळा कठीण नाही. रक्कम किती असावी आणि वर्गणी नौकेमागे घ्यावी की घरामागे, हे हिशेब जाणणाऱ्या मंडळींनी येत्या सर्वसाधारण सभेत ठरवावे.