कोरड्या भूमीची सहल आणि प्रवाशाची दृष्टी
(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



तीर्थयात्रा आणि सहल यांची प्रयोजने निराळी. तरीही पुष्कळदा ती दोन्ही एकाच बसमधून प्रवास करतात. नगर जिल्ह्यातून राजस्थानकडे निघालेल्या यात्रासंघाची कार्यक्रमपत्रिका पाहिली तर नाकोडा, जैसलमेर, लोद्रवा या तीर्थांपाठोपाठ ‘सम येथील वाळूच्या टेकड्या, उंटसवारी व सूर्यास्तदर्शन’ अशी एक ओळ बहुधा आढळते. काही पिढ्यांपूर्वी व्यापारानिमित्त मारवाड सोडून दख्खनेत स्थिरावलेल्या घराण्यांना तर त्या वाळूची ओढ पूर्वजांच्या नात्याने असते. परतल्यावर घरोघरी अनुभवकथन होते. जैसलमेरच्या किल्ल्यातील पिवळ्या दगडाच्या जिनमंदिरांविषयी सर्वांचे एकमत असते. वाळवंटाविषयी मात्र मतभेद होतात. कोणी म्हणतो, जन्मभर पुरेल असे दृश्य पाहिले. कोणी म्हणतो, पैसे व्यर्थ गेले, तेथे पाहण्यासारखे काही नाही.

हेच वाक्य जिल्ह्यातल्या जिल्ह्यातही ऐकू येते. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्यात जाऊन आलेला एखादा गृहस्थ हेच सांगतो : गवत होते, बाभळी होत्या, बाकी काही नाही. ‘काही नाही’ या दोन शब्दांचा विचार करणे हा या व्याख्यानाचा विषय आहे. हे दोन शब्द सहज उच्चारले जातात. परंतु त्यांची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

वाळूवरची संध्याकाळ

प्रथम जैसलमेरकडे वळू या. हा किल्ला रावल जैसल यांनी ११५६ मध्ये वसविला. त्याच्या पश्चिमेस सुमारे ४० किलोमीटरवर सम हे गाव आहे. वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस न पडणारा हा प्रदेश. येथे येणारा प्रवासी ग्राहक म्हणून येतो : त्याने उंटाचे भाडे दिलेले असते, तंबूचे दिलेले असते, भोजनाचे दिलेले असते. ग्राहकाला दिलेल्या पैशांचा मोबदला हवा असतो आणि तो मागणे गैरही नाही. अडचण अशी की, या व्यवहारात वाळवंटाला कोणी विचारलेले नसते.

परतलेल्या प्रवाशांच्या तक्रारी नीट ऐकल्या तर त्यांतील फारच थोड्या वाळवंटाविषयी असतात. दर आधी सांगितला एक आणि घेतला दुसरा. उंट पाच मिनिटांत परत फिरला. जीपगाड्यांच्या घरघरीत सूर्यास्त हरवला. ध्वनिवर्धकाच्या कर्कश आवाजात मांगणियार गायकाचा स्वर ऐकूच आला नाही. या साऱ्या माणसाच्या नियोजनातील उणिवा आहेत. त्यांचे खापर मात्र वाळूवर फुटते.

चौविहार पाळणाऱ्या कुटुंबांची अडचण आणखी वेगळी. डिसेंबरात तेथे सूर्य सहाच्या आत मावळतो आणि तंबूतील भोजन त्यानंतर दोन तासांनी वाढले जाते. म्हणजे ज्या क्षणी सूर्यास्त पाहायचा, त्याच क्षणापूर्वी जेवण आटोपलेले हवे. ज्या यात्रासंघाने ही गोष्ट आधी कळवून साडेचार-पाचला भोजनाची व्यवस्था करून घेतली, त्याची मंडळी शांत चित्ताने टेकडीवर बसतात. ज्याने कळविले नाही, त्याची मंडळी एक तर उपाशी राहतात किंवा सूर्याकडे पाठ करून घाईघाईने घास गिळतात. ठिकाण एकच, भाडेही एकच. परंतु अनुभव किती भिन्न!

ज्येष्ठांच्या बाबतीत तर साधी माहितीही मोलाची ठरते. उंट उठताना प्रथम मागचे पाय उचलतो, त्यामुळे स्वार पुढे झुकतो; त्या वेळी मागे रेलून खोगीर घट्ट धरावे लागते. बसताना तो पुढचे गुडघे आधी टेकतो, तेव्हाही शरीर मागेच ठेवावे. कोरड्या, निरभ्र हवेत दिवसाची उष्णता रात्री झपाट्याने आकाशात निघून जाते, म्हणून दुपारी घाम आणणारी वाळू पहाटे बोटे गारठविते. शाल, कानटोपी आणि पाण्याची बाटली ही तेथे चैन नसून गरज असते. एवढे आधी सांगणारा संयोजक निम्म्या तक्रारी निघण्यापूर्वीच मिटवितो.

घरचे माळरान

आता घराकडे. नगर जिल्ह्यात वाळवंट नाही. परंतु २०२४ पासून अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याला कोरड्या भूमीचा परिचय करून द्यावा लागत नाही. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी येथील जुन्या पिढीच्या बोलण्यात आजही आहेत. याचे कारण सह्याद्रीत आहे. नैर्ऋत्येकडून येणारे पावसाळी ढग अकोले तालुक्यात, कळसूबाई-रतनगडाच्या परिसरात, आपले ओझे रिते करतात. घाटघरला पावसाळ्यात धारा थांबत नाहीत. तेथून पूर्वेस जावे तसा पाऊस उतरत जातो आणि कर्जत, जामखेड, पाथर्डीच्या वाट्याला येतात सरासरी ५००-६०० मिलिमीटर, तेही बेभरवशाचे. मुरमाड, उथळ जमिनीवर एवढ्या पावसात दाट अरण्य वाढत नाही. वाढते ते गवत, आणि त्यात विखुरलेल्या बाभळी, हिवर, बोरी.

या गवताचा खरा मालक काळवीट. त्याच्या रक्षणासाठी १९८० मध्ये रेहेकुरी येथे अभयारण्य घोषित झाले. त्याचे क्षेत्रफळ अवघे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे २१७ हेक्टर. नगर शहरापासून ते सुमारे ८० किलोमीटरवर आहे.

मे महिन्याच्या दुपारी बारा वाजता पन्नास माणसांची बस येथे येऊन उभी राहिली, मुले आरडाओरड करीत उतरली, तर काय दिसेल? काहीच दिसणार नाही. कारण त्या वेळी कळप बाभळीच्या विरळ सावलीत निश्चल बसलेले असतात आणि माणसांच्या कोलाहलाने तेही दूर निघून जातात. तीच मंडळी पावसाळ्याच्या अखेरीस किंवा हिवाळ्यात सूर्योदयाच्या वेळी आली, तर दृश्य बदलते. ओलसर गवतात कळप चरत असतो. माद्या आणि पाडसे तांबूस-पिवळी. प्रौढ नर पाठीवर काळाभोर, पोटाशी पांढराशुभ्र, पिळदार शिंगांचा. तो मान उंचावून आपल्या हद्दीत संथ पावले टाकतो. एखादी मादी बिचकून उसळी घेते आणि क्षणात सारा कळप हवेत तरंगल्यासारखा भासतो. चंडोल भरारी घेऊन गात असतो, टिटवी सावध करीत असते. दैव अनुकूल असेल तर खोकड बिळाकडे परतताना दिसते. लांडगा दिसला तर तो दिवस वहीत नोंदवून ठेवावा.

येथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. काळविटाचे नवजात पाडस धावत नाही. आई त्याला गवतात दडवून दूर चरते आणि पाजण्यासाठी परत येते. चंडोल आणि टिटवी यांची अंडी उघड्या जमिनीवर असतात, मातीच्याच रंगाची. छायाचित्राच्या हौसेने वाट सोडून गवतात शिरणाऱ्या प्रवाशाला पायाखाली काय आले हे कळतही नाही. चालताना पुढची भूमी निरखून पाऊल टाकावे, ही ईर्यासमितीची शिकवण ज्या घरांत बालपणापासून कानांवर पडते, त्या घरांतील मुलांना माळरानावर वेगळ्या नियमावलीची आवश्यकता भासू नये.

‘काही नाही’ याची किंमत

ज्या भूमीत पाहण्यासारखे काही नाही असे समाजाने ठरविले, तिला सरकारी आणि बोलीभाषेत एकच नाव मिळते : पडीक. पडीक जमीन नांगरावी, खोदावी, तिच्यावर कारखाना उभारावा किंवा परकी झाडे लावून ती ‘हिरवी’ करावी, असे सर्वांना वाटते. गवत हीच त्या भूमीची हिरवाई आहे, याचा विसर पडतो.

त्याचा परिणाम माळढोक पक्ष्याने भोगला. मीटरभर उंचीचा, देशातील अत्यंत वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक असा हा पक्षी. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही जमिनीवर. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि अहमदनगर या दोन जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. नगरमधील कर्जत, श्रीगोंदे, नेवासे हे तालुके त्यात होते. त्यात गावे, शेते, रस्ते सारेच आल्याने ते कागदावर विशाल आणि प्रत्यक्षात दुर्बळ राहिले. पुढे ते सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. २०११ मध्ये माळढोकाची गणना जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाली. आज महाराष्ट्रात त्याचे दर्शन अत्यंत दुर्मीळ झाले आहे.

आणि येथे नगरचे माळरान व जैसलमेरची वाळू एकमेकांना भेटतात. माळढोकाचा उरलेला मुख्य आधार आता जैसलमेर जिल्हा हाच आहे. १९८० मध्ये घोषित झालेले, ३,१६२ चौरस किलोमीटरचे मरुभूमी राष्ट्रीय उद्यान सम गावाला लागूनच आहे. २०१९ मध्ये सम येथेच त्याचे संवर्धन-प्रजनन केंद्र सुरू झाले. उघड्या माळावरून जाणाऱ्या विजेच्या तारांना धडकून हे पक्षी मरतात, म्हणून हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्याविषयी आदेश दिले. २०२४ मध्ये त्यांचा फेरविचार करून तज्ज्ञ समिती नेमली. नगरचा जो प्रवासी सम येथे उंटावर बसून ‘काही नाही’ म्हणतो, तो त्याच पक्ष्याच्या अखेरच्या घराजवळ उभा असतो, जो पूर्वी त्याच्याच जिल्ह्यात राहत होता. कोणी त्याला हे सांगितलेले नसते, एवढेच.

शेतकऱ्याचा वाटा

काळविटाला २१७ हेक्टरांची सीमा ठाऊक नाही. रात्री कळप शेजारच्या ज्वारी-हरभऱ्यात उतरतात. प्रवाशाला जे सौंदर्य वाटते, ते शेतकऱ्याच्या पिकात उभे असते. शासन नुकसानभरपाई देते. परंतु अर्ज, पंचनामा आणि प्रतीक्षा यांतून जावे लागते ते शेतकऱ्यालाच. तरीही आजवर ही हरणे टिकली, यात या गावांच्या सहनशीलतेचा मोठा वाटा आहे. मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांनाही या माळाची जाण पिढ्यान्‌पिढ्यांची आहे.

सहलीचा पैसा बहुतांशी वाहनाला आणि शहरातील उपाहारगृहाला जातो. ज्याच्या शिवारात हरीण चरते, त्याच्या हाती काही पडत नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात वनविभागाने २०२४ मध्ये कडबनवाडी आणि शिर्सूफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू करून स्थानिक मार्गदर्शकांना त्यात सामावून घेतले. अशा व्यवस्थेत गावकऱ्याला रोजगार मिळतो आणि प्रवाशाला दृष्टी मिळते. नगर तालुक्यातील हिवरे बाजारचा अनुभवही हेच सांगतो. नुसता पाहणारा तेथे एक नीटनेटके गाव पाहून परततो. परंतु डोंगरउतारावरचे चर, बंधारे आणि पाण्याचा वार्षिक ताळेबंद कोणी समजावून दिला, म्हणजे त्याच डोंगरात त्याला वाचविलेला पाऊस दिसू लागतो.

संयोजकांसाठी काही सूचना

संस्थांच्या सहलसमित्यांनी पुढील गोष्टी अंगीकाराव्यात. कोरड्या प्रदेशाची सहल ऋतू पाहून ठरवावी, सुटी पाहून नव्हे. आणि माळावर पहाटे पोहोचता येईल असा मुक्काम ठेवावा. पन्नास जणांचा एक जमाव नेण्याऐवजी दहा-बारा जणांचे गट करावेत. दर, वेळ आणि भोजन यांचा लेखी खुलासा आधी घ्यावा. ‘हरणे दिसतीलच’ असे आश्वासन कोणालाही देऊ नये. वन्यप्राणी कोणाच्या पत्रिकेस बांधलेला नसतो. स्थानिक माहितगार सोबत घेऊन त्याला योग्य मानधन द्यावे. दोन घास त्याच गावात, तेथील चुलीवरच्या भाकरीचे घ्यावेत. वाहनाने कळपाचा पाठलाग करू नये, कुत्रा सोबत नेऊ नये, आणि नेलेला प्रत्येक कागद व बाटली परत आणावी. शेवटी, मुलांना अर्धा तास निःशब्द बसण्याची सवय लावावी. पहिली दहा मिनिटे ती चुळबुळ करतील. त्यानंतर त्यांना जे दिसेल, ते कोणत्याही पडद्यावर दिसणार नाही.

पन्नास वर्षे पूर्ण करणाऱ्या संस्थेला पुढील पन्नास वर्षांचा विचार करावाच लागतो. आज सहलीला जाणारी मुले शताब्दीच्या वर्षी या व्यासपीठावर ज्येष्ठ म्हणून बसलेली असतील. माळढोकाविषयी त्यांना आताच केवळ ऐकून समाधान मानावे लागते. काळविटाविषयी तरी त्यांनी आपल्या नातवंडांना स्वतः पाहिलेले सांगावे, आणि सांगून झाल्यावर त्यांना ते दाखवायलाही न्यावे, इतके माळरान या जिल्ह्यात शिल्लक राहो, ही सदिच्छा व्यक्त करून हे विवेचन येथे पूर्ण होते.