वहीतलं वय



स्वागत समितीच्या वतीने मुंबईत आपलं मनःपूर्वक स्वागत.

लोकसंख्येवरची परिषद या शहरात भरावी, हे उचितच आहे. १९२१ साली इथेच र. धों. कर्वे यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं. ते डॉक्टर नव्हते, गणिताचे प्राध्यापक होते. पण मोजदाद बाईच्या सुखासाठी करायची, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्याच वर्षीच्या जनगणनेत देशाची लोकसंख्या घटलेली दिसली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने घरंच्या घरं रिकामी केली होती. पुढे आकडा चढत गेला आणि १९५१ ला ३६ कोटींवर पोचला. जन्म वाढले नव्हते, मरण कमी झालं होतं. आम्हा डॉक्टरांच्या पेशाला अभिमान वाटावा अशी ही गोष्ट. पण चर्चेत उरली ती फक्त वाढीची धास्ती. १९५२ साली कुटुंबनियोजन हा सरकारी कार्यक्रम झाला आणि हळूहळू आकड्याचं उद्दिष्ट बनलं.

१९७६ साली मी एका प्राथमिक आरोग्य केंद्रात नवखा डॉक्टर होतो. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने दोनच आकडे लिहिलेले असत: उद्दिष्ट आणि झालेल्या केसेस. एक शेतमजूर नसबंदीला आणला गेला. सोबत त्याचा नातू होता. वहीत मजुराचं वय ४० लिहिलं होतं. मी नातवाकडे पाहिलं, आणि सही केली. त्या वर्षभरात देशात ८२ लाखांवर शस्त्रक्रिया नोंदल्या गेल्या. त्यातली ती एक नोंद माझ्या सहीची आहे.

१९९६ साली केंद्राने ही उद्दिष्टं काढून टाकली. तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर बाईमागे १.७ मुलांवर आला. मुली शिकल्या, लग्नाचं वय वाढलं, झालेलं मूल जगेल असा भरवसा आला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनीही मोजणीच केली. पण त्यांनी मोजली ती दगावलेली बाळं, आणि गावातल्याच बायांना नवजात बाळ वाचवायला शिकवलं.

म्हणून या दोन दिवसांत प्रत्येक तक्त्यापाशी एकच विचारू या: हा आकडा कोणाच्या कामी येणार आहे?

आमच्या व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर पोटात घाला. पण वहीतलं वय खोटं असेल, तर ते मात्र कुणी पोटात घालू नका.