छायाचित्र सर्वांना उघडावे म्हणून: मोबाइलमधील छायाचित्रांचे रूपांतर



एखाद्या संस्थेची स्मरणिका काढावयाचे ठरले की पहिले आवाहन होते ते छायाचित्रांचे. पूर्वी ती घरोघरच्या पेट्यांतून आणि अल्बममधून निघत. आता मोबाइलवरून येतात. पुष्कळ येतात आणि वेळेवरही येतात. तथापि संपादकांच्या अथवा मुद्रकाच्या संगणकावर त्यांतील काही उघडतच नाहीत. पाठविणाऱ्याच्या मोबाइलमध्ये फोटो स्वच्छ दिसत असतो आणि ज्याला तो पोहोचतो त्याच्यासमोर मात्र कोरा चौकोन व 'फाइल उघडता येत नाही' अशी सूचना. पाठविणाऱ्यास वाटते, समोरच्याला संगणक येत नाही. समोरच्यास वाटते, फोटोच बिघडलेला आहे. वस्तुतः दोहोंपैकी काहीच खरे नसते. फोटो ज्या लिपीत लिहिला गेला ती लिपी त्या संगणकास वाचता येत नाही, एवढीच गोष्ट असते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. जुन्या घरांतून मोडी लिपीतील दस्त निघतात. कागद उत्तम, शाई ठळक, मजकूर मराठीच. पण वाचता येत नाही. मग मोडी जाणणाऱ्याकडून त्याची बाळबोध प्रत करून घ्यावी लागते. मोबाइलमधील छायाचित्राचे रूपांतर म्हणजे नेमके हेच काम होय, आणि ते करताना होणाऱ्या चुकाही याच जातीच्या आहेत.

संगणकावरील छायाचित्रांची बाळबोध म्हणजे 'जेपेग'. छायाचित्र-तज्ज्ञांचा एक आंतरराष्ट्रीय गट १९८६ मध्ये स्थापन झाला, त्याच्याच इंग्रजी नावाची ही आद्याक्षरे. १९९२ मध्ये या गटाने सिद्ध केलेले मानक मान्य झाले. फाइलीच्या नावापुढे कधी 'जेपीजी' तर कधी 'जेपीईजी' असे लिहिलेले आढळते. त्यात भेद काहीच नाही. जुन्या संगणकांत नावाच्या शेपटाला तीनच अक्षरांची मुभा होती, म्हणून एक अक्षर गळाले.

या मानकाच्या गाभ्याशी असलेले गणित एका भारतीयाच्या कल्पनेतून आले, हे फारसे कोणास ठाऊक नसते. नासिर अहमद यांचा जन्म १९४० मध्ये बंगळूरचा. तेथेच अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि कॅन्सस राज्य विद्यापीठात अध्यापन करू लागले. प्रतिमेतील माहिती थोडक्या आकड्यांत कशी मांडावी याविषयीच्या संशोधनासाठी त्यांनी १९७२ मध्ये तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नाकारले गेले. कल्पना फारच साधी आहे, असे एका परीक्षकाचे मत पडले. तरीही टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी काम पुरे केले व जानेवारी १९७४ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच साध्या कल्पनेवर जेपेग उभे आहे.

तिचे कार्य असे चालते. मानवी डोळा उजेड-अंधाराचा भेद बारकाईने टिपतो, रंगाचा भेद तितक्या बारकाईने टिपत नाही. म्हणून रंगाचा तपशील प्रथम काहीसा कमी केला जातो. मग चित्राचे आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट बिंदूंचे लहान लहान चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनातील ठळक चढउतार राखले जातात आणि जे डोळ्यास जाणवणार नाहीत असे सूक्ष्म चढउतार गाळले जातात. गाळलेले पुन्हा मिळत नाही. जेपेगची फाइल उघडून, फेरफार करून पुन्हा पुन्हा साठविली की दर वेळी थोडे अधिक गळते, ते यामुळेच. आकाशाच्या किंवा चेहऱ्याच्या चित्रात हे लवकर लक्षात येत नाही. परंतु हस्तलिखिताचे पान, जुन्या चोपडीतील नोंद, पत्रिकेवरील बारीक अक्षर यांच्या कडांभोवती धुरकट ठिपके दिसू लागतात.

जेपेगची सत्ता पंचवीस वर्षे निर्वेध होती. परंतु मोबाइलचा कॅमेरा सुधारत गेला, फोटो मोठे होत गेले आणि साठवणुकीची जागा अपुरी पडू लागली. चलच्चित्रांसाठी २०१३ मध्ये एक नवे मानक मान्य झाले होते. त्यात चित्राचे चौकोन अधिक मोठे घेता येतात आणि शेजारच्या चौकोनावरून पुढचा कसा असेल याचा अंदाज बांधून केवळ फरक तेवढा लिहिला जातो. हीच युक्ती स्थिर चित्रांसाठी वापरणारे 'हाइफ' हे मानक २०१५ मध्ये आले. अॅपल कंपनीने सप्टेंबर २०१७ मध्ये आयफोनच्या अकराव्या प्रणालीत त्याचा स्वीकार केला व फाइलीच्या नावापुढे 'एचईआयसी' ही अक्षरे दिसू लागली. तेवढ्याच दर्जाचा फोटो जवळजवळ निम्म्या जागेत मावू लागला. अॅण्ड्रॉइड प्रणालीनेही २०१८ पासून या स्वरूपास आधार दिला आणि काही कंपन्यांच्या मोबाइलमध्ये ते वापरण्याचा पर्याय आला.

मग अडले कुठे? तंत्रात नव्हे, हक्कांत. या नव्या पद्धतीतील अनेक युक्त्यांवर अनेक कंपन्यांची पेटंटे आहेत आणि त्यांचे शुल्क वसूल करणारे गटही एकाहून अधिक आहेत. त्यामुळे प्रत्येक सॉफ्टवेअर बनविणाऱ्याने ती वाचण्याची सोय दिली नाही. विंडोज १० मध्ये २०१८ साली सोय आली खरी, पण तिच्यासाठी निराळे जोड-सॉफ्टवेअर घ्यावे लागे आणि त्यांतील एका भागास किंमतही पडे. थोडक्यात, मोबाइल नवी लिपी लिहू लागला आणि वाचणारे मागे राहिले. ग्राहकास यातील काहीही सांगितले गेले नाही, ही गोष्ट मात्र खटकण्यासारखीच आहे. फोटो कोणत्या स्वरूपात साठतो आहे हे मोबाइल विचारीत नाही. अडचण आली म्हणजेच ते कळते.

ती अडचण किती महागात पडू शकते याचे उदाहरण मे २०२० मध्ये अमेरिकेत घडले. महासाथीमुळे तेथील 'कॉलेज बोर्ड' या संस्थेने शाळकरी विद्यार्थ्यांच्या 'एपी' परीक्षा घरूनच घेतल्या. कागदावर उत्तर लिहावयाचे, त्याचा फोटो काढावयाचा आणि ठरलेल्या मिनिटांत तो संकेतस्थळावर चढवावयाचा. संकेतस्थळ जेपेग आणि पीएनजी ही स्वरूपे घेत होते; आयफोनचे एचईआयसी घेत नव्हते. उत्तर लिहून झालेले, फोटोही स्पष्ट. पण फाइल स्वीकारली जाईना आणि घड्याळ तर चाललेले. मंडळाच्या म्हणण्यानुसार उत्तरे न चढलेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहून कमी होते. तथापि ज्यांची वर्षभराची मेहनत त्या एका फाइलीत होती त्यांना टक्केवारीचा काय दिलासा? पुढील परीक्षांसाठी ईमेलने उत्तर पाठविण्याची सोय झाली, आधीच्यांना जूनमध्ये पुन्हा परीक्षेस बसावे लागले.

आपल्याकडील अर्जांचीही तीच तऱ्हा आहे. बँकांच्या भरतीसाठी 'आयबीपीएस'कडे केल्या जाणाऱ्या अर्जांत छायाचित्र जेपेग स्वरूपात आणि २० ते ५० केबी आकाराचे, सही १० ते २० केबीची, अशा अटी असतात. शेवटच्या दिवशी रात्री अर्ज भरावयास बसलेल्या मुलाला हे स्वरूपाचे प्रकरण तेव्हाच प्रथम कळते. रूपांतर कसे करावे हे घरातील एकास तरी आधी ठाऊक असलेले बरे, ते यासाठी.

अशा घाईत पहिला मोह होतो तो नाव बदलण्याचा. फाइलीच्या नावातील 'एचईआयसी' ही अक्षरे पुसून तेथे 'जेपीजी' लिहिले की काम झाले, असे अनेकांना वाटते. मोडी दस्ताच्या रुमालावर 'बाळबोध' अशी चिठ्ठी चिकटविल्याने आतील अक्षर बदलत नाही. फाइलीच्या आरंभी तिच्या खऱ्या स्वरूपाची खूण आतच लिहिलेली असते आणि बहुतेक सॉफ्टवेअर तीच पाहते. क्वचित अशी फाइल उघडतेही, कारण समोरच्या संगणकास दोन्ही लिप्या येत असतात. आणि त्यामुळे हा गैरसमज अधिकच पक्का होतो.

खरे रूपांतर अवघड नाही. ज्यांना पुढे ही कटकटच नको त्यांनी आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, तेथे फॉरमॅट्स, आणि तेथे 'मोस्ट कम्पॅटिबल' हा पर्याय निवडावा. तेव्हापासूनचे साधे फोटो जेपेगमध्ये निघतात. आधीचे आहेत तसेच राहतात, हे विसरू नये. जागा अर्थात अधिक लागते. ज्यांना जागा वाचवावयाची आहे त्यांनी मूळ पद्धत तशीच ठेवून फोटोंच्या सेटिंग्जमध्ये 'ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी' याखाली 'ऑटोमॅटिक' निवडावे, म्हणजे वायरीने संगणकावर उतरविताना फोन स्वतःच जेपेग प्रत देतो. एखाद-दुसराच फोटो असेल तर तो 'फोटोज'मध्ये कॉपी करून 'फाइल्स'मध्ये पेस्ट केला तरी जेपेग मिळतो. मॅक संगणकावर 'प्रिव्ह्यू'मध्ये उघडून 'एक्सपोर्ट' करावे. विंडोजवर फोटो उघडत असेल तर 'सेव्ह अॅज' म्हणून जेपेग निवडावे. तेथे गुणवत्तेची पट्टी दिसली तर ती वरच्या टोकाजवळ ठेवावी, आणि फेरफार करावयाचे असल्यास ते आधी करून रूपांतर एकदाच, शेवटी करावे.

इंटरनेटवर फुकट रूपांतर करून देणारी संकेतस्थळे शेकड्यांनी आहेत. त्यांचा उपयोग होतो, परंतु विचार करून. तेथे फोटो चढविणे म्हणजे तो अनोळखी माणसाच्या हाती देणे होय. फोटोच्या पोटात तो केव्हा काढला, कोणत्या फोनने काढला आणि स्थान नोंदविण्याची परवानगी दिलेली असेल तर कोठे काढला, हेही लिहिलेले असते. घरातील लहान मुलांचे फोटो, आधारकार्डाचे, मालमत्तेच्या कागदांचे फोटो अशा ठिकाणी चढवू नयेत. जे काम फोनमध्ये दोन बोटांनी होते त्यासाठी परक्याच्या दारी जाण्याचे कारणच नाही.

सर्वांत रूढ उपाय म्हणजे व्हॉट्सअॅप. तेथून पाठविलेला फोटो जेपेग होऊन निघतो, म्हणून अनेकजण त्यालाच रूपांतर समजतात. स्मरणिकेच्या दृष्टीने हाच उपाय सर्वांत घातक आहे, आणि त्याचा हिशेब कागदावर मांडता येतो. आयफोनच्या १२ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो ४०३२ गुणिले ३०२४ बिंदूंचा असतो. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० बिंदू धरले तर तो सुमारे १३ इंच लांब आणि १० इंच रुंद छापता येतो, म्हणजे मोठ्या आकाराच्या पूर्ण पानासही पुरतो. व्हॉट्सअॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठविला की त्याची लांब बाजू साधारणतः १६०० बिंदूंच्या आसपास येते. तो सव्वापाच इंचांपलीकडे नीट छापता येत नाही. शिवाय फोटोच्या पोटातील दिनांक व स्थळ यांची नोंदही निघून जाते. दहा वर्षांनी हा कार्यक्रम नेमका कोणत्या साली झाला असा प्रश्न पडला तर उत्तर देणारी फाइल पाठविणाऱ्याच्या जुन्या फोनबरोबर गेलेली असते. ऑगस्ट २०२३ पासून तेथे 'एचडी' पर्याय आला आहे, त्याने स्थिती सुधारते. पण मूळ फोटो जसाच्या तसा जावयास हवा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. मात्र तो तसाच गेला म्हणजे एचईआयसीही तसाच गेला, हे ध्यानात ठेवावे: आधी जेपेग करावा, मग डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. मुद्रकास उत्तम प्रत मिळण्याचा हाच क्रम आहे.

रूपांतर झाल्यावर मूळ फाइलीचे काय करावे, याविषयी बहुतेकांचा निर्णय घाईचा असतो. जेपेग मिळाला की एचईआयसी पुसून टाकतात. बाळबोध प्रत हाती आली म्हणून मूळ मोडी दस्त कोणी फाडत नाही. रूपांतरित प्रत ही गाळलेल्यातून पुन्हा गाळलेली असते. 'पोर्ट्रेट' फोटोत कोणती वस्तू जवळ आणि कोणती दूर याची जी नोंद मूळ फाइलीत असते, ती बहुधा प्रतीत उतरत नाही. शिवाय जेपेग प्रत मुळापेक्षा आकाराने मोठी निघणे सर्रास घडते. म्हणजे पुसून वाचविली ती लहान फाइल, आणि ठेवली ती मोठी व उणी.

एचईआयसी उद्या वाचताच येणार नाही, अशीही भीती काहीजण घालतात. हे स्वरूप प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मानकावर आधारलेले आहे, 'लिबहाइफ'सारखे ते वाचणारे मुक्त सॉफ्टवेअर उपलब्ध आहे, आणि या स्वरूपातील फोटो जगभर इतके साठले आहेत की ते वाचण्याची सोय चटकन नाहीशी होण्याचा संभव दिसत नाही. तेव्हा फोनमधील सगळे हजारो फोटो एका रात्रीत जेपेग करीत बसण्याची आवश्यकता नाही. जे बाहेर द्यावयाचे आहेत, मुद्रकाकडे, अर्जासोबत, नातेवाइकांकडे, तेवढ्यांचीच प्रत काढावी. ती निराळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. दुसऱ्याच एखाद्या संगणकावर एकदा उघडून पाहावी. आणि मूळ फाइली फोनशिवाय बाहेरच्या एखाद्या हार्ड डिस्कवरही उतरवून ठेवाव्यात.